काजळीची रेषा

बाई उभी आहे. कागदाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ती एकटीच. मागे भिंत नाही, झाड नाही, पायाखालची जमीनही काढलेली नाही. मान मागे वळलेली, हनुवटी गळ्याशी टेकलेली, हातात किमोनोचा घोळ. त्या किमोनोवर मोठमोठी पानं, वळणं, कधी तर लिपीतली अक्षरंच्या अक्षरं. आणि हा सगळा भार पेलणारी काळी रेषा. खांद्यापाशी जाड, कोपराकडे आणखी जाड, लोंबत्या बाहीवरून सुसाट खाली येणारी आणि पावलाशी एकदम थांबणारी. 1715 च्या आगेमागे एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हा कागद लाकडी ठशावरून छापला गेला. त्यावर सही आहे काइगेत्सुदो दोहानची. त्याच्या गुरूचं नाव आंदो, आणि ही शिष्यमंडळी सहीत स्वतःला काइगेत्सूच्या फांदीचं टोकाचं पान म्हणवून घेत. बाईचं नाव कागदावर नाही.

या चित्रांपाशी मी पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी माझी नजर त्या चेहऱ्यावरून घसरते. धरून राहावं असं तिथे काही काढलेलंच नाही. दोन बारीक डोळे, नाकाची वळलेली रेघ, मिरीच्या दाण्याएवढं तोंड. दोहानच्या दुसऱ्या चित्रातल्या बाईला हाच चेहरा आहे. याच घराण्यातल्या आन्चीच्या आणि दोशिनच्या बायकांनाही हाच. या घराण्याच्या छापील चित्रांच्या जेमतेम वीस-बावीस रचना आज उरल्या आहेत. त्या शेजारी शेजारी मांडल्या तर एकच बाई कपडे बदलून पुन्हा पुन्हा समोर आली असं वाटेल. कपडे मात्र दर वेळी निराळे, आणि चित्रकाराने जीव ओतलाय तो त्या कपड्यांत.

त्या कपड्यांची गोष्ट आधी सांगायला हवी. चित्रातली ही बाई गणिका आहे. एदोतल्या गणिकांच्या वस्तीत, योशिवारात, मुलगी येई ती बहुधा सात-आठ वर्षांची असताना. आईबापांना आगाऊ रक्कम मिळे आणि कागदोपत्री ती ठरावीक वर्षांची नोकरी असे. आधी ती एखाद्या मोठ्या गणिकेच्या मागे चालणारी लहानगी सेविका होई, पुढे वयात आली की स्वतः गणिका. तिच्या अंगावरचा किमोनो, केसांतल्या आकड्या, अंथरूण-पांघरूण, हाताखालच्या लहान मुलींचा खर्च, हे सगळं तिच्याच खात्यावर चढे. जितकी ती नावारूपाला येई तितके तिचे कपडे भारी होत, आणि कपडे जितके भारी तितकं कर्ज वाढे. म्हणजे या कागदावर आपल्याला जे सर्वांत सुंदर दिसतं, जिथे ती काळी रेषा सर्वांत मोकळी धावते, तेच तिचं देणं आहे. हे कळल्यापासून मला ती वळणं पूर्वीसारखी पाहता येत नाहीत. तरी ती सुंदरच दिसतात, आणि हे दुःख माझ्याच्याने सुटत नाही.

शोगुनच्या सरकारने एदोतल्या या धंद्याला एका ठिकाणी कोंडून परवाना दिला तो 1617 मध्ये. पहिली योशिवारा निहोनबाशीपासून जवळ होती. शहर वाढत गेलं, वस्ती मध्यात आली, तेव्हा तिला दूर जाण्याचा हुकूम झाला. हुकूम अमलात येतो न येतो तोच 1657 च्या आरंभी मेइरेकीची आग लागली. तीन दिवसांत शहराचा फार मोठा भाग राख झाला. मेलेल्यांचा जो आकडा परंपरेने सांगितला जातो तो एक लाखाच्या घरातला आहे. शोगुनच्या किल्ल्याचा उंच मुख्य बुरूजही त्यात गेला आणि तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. योशिवारा मात्र त्याच वर्षी उभी राहिली, आसाकुसाच्या पलीकडे, भातखाचरांच्या मधोमध. चौकोनी आखणी, सरळ रस्ते, भोवती पाण्याचा खंदक, आणि ये-जा करायला एक मोठा दरवाजा. खंदक होता तो आतल्या मुलींसाठी.

आगीनंतर नव्याने बांधल्या गेलेल्या या शहरात हिशिकावा मोरोनोबू काम करू लागला. तो आवा प्रांतातल्या होदा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावचा. घरचा धंदा कापडावर सोन्यारुप्याच्या तारेने भरतकाम करण्याचा. म्हणजे बोटांना कापडाची ओळख आधी झाली, कागदाची नंतर. त्याच्या चित्रांतले कपडे अंगावर पडतात, दुमडतात, बसल्यावर भोवती पसरतात, ते मला याच घरातून आलेले वाटतात. 1672 मध्ये त्याचं एक पुस्तक निघालं: शंभर योद्धे आणि प्रत्येकाची एकेक कविता. त्यावर मोरोनोबूचं नाव आहे. तोवर पुस्तकांतली चित्रं काढणाऱ्याचं नाव छापायची सहसा रीत नव्हती. चित्रं असत, चित्रकार नसे. पुढे 1680 नंतरच्या काही वर्षांत त्याने योशिवाराची दृश्यं काढली, 12 सुटी पानं, निव्वळ काळ्या शाईत. सामुराईंच्या चित्रांनी त्याला नाव दिलं आणि गणिकांच्या चित्रांनी ते नाव घरोघर नेलं.

त्या पानांतून माणूस चालत चालत वस्तीत जातो. आधी सुमिदा नदीजवळचा तो लांब बांध, त्यावरून निघालेले पुरुष. मग दरवाजा, मधला रस्ता, लाकडी गजांची जाळी आणि गजांमागे ओळीने बसलेल्या बायका. बाहेर उभे राहून पाहणारे पुरुष. मग आतल्या खोल्या, शामिसेनच्या तारा, साकेचे पेले, पडद्यांमागची अंथरुणं. मोरोनोबूला गर्दी फार चांगली कळते. दोन माणसं बोलताना तिसऱ्याची मान कशी वळते, हे तो एका रेघेत सांगतो.

बांधावरच्या त्या पुरुषांत सामुराई कोण हे कसं ओळखायचं? खोल विणलेली गवती टोपी, थेट हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारी. योशिवारात दिसणं सामुराईच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. वाटेवरच्या चहाच्या टपऱ्यांत या टोप्या भाड्याने मिळत. आत गेल्यावर तलवार घरवाल्यांच्या ताब्यात द्यावी लागे. म्हणजे खोलीत जाऊन बसणारा योद्धा हा मुळात तलवार बाहेर ठेवून, तोंड लपवून आलेला माणूस होता.

त्याच्याकडे दुसरं काय उरलं होतं, हेही पाहायला हवं. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला. 1638 मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं जपानात मोठी लढाई झालीच नाही. कमरेला दोन तलवारी लावायचा मान सामुराईचा, पण त्या उपसायला कारण नाही. त्याचा पगार भातात मोजलेला. ते भात विकून पैसे करायचे, आणि भाव पडले की सावकाराकडे जायचं. 1635 पासून प्रत्येक सरदाराला आळीपाळीने एदोत येऊन राहणं सक्तीचं झालं. त्यांच्यामागे हजारो शिपाई-कारकून बायकामुलं गावी ठेवून राजधानीत पडून राहू लागले. 1721 च्या शिरगणतीत एदोतली सामान्य प्रजा पाच लाखांवर भरली. त्यांत पुरुष तीन लाख वीस हजारांहून जास्त आणि स्त्रिया एक लाख ऐंशी हजारांच्या आत. सामुराई आणि त्यांचे नोकर या मोजणीत धरलेलेच नाहीत.

या चित्रांतला सामुराई मला राक्षस वाटत नाही. तो कंटाळलेला, बराचसा एकटा, दुसऱ्याच्या हुकमाने परगावात अडकलेला माणूस आहे. त्याच्याविषयीही मला दुःख होतं. पण त्याच्या दुःखाला बांधावरून परतीची वाट आहे. सकाळी तो टोपी घालतो आणि निघतो. चित्रातली ती जाळी त्याच्यासाठी एका बाजूने उघडी आहे.

जिवंत सामुराईला, त्याच्या घराण्याला, चालू राजकारणाला हात लावायची प्रकाशकांना भीती असे. पुढे 1722 च्या हुकमाने तर ते लेखीच बंद झालं. म्हणून योद्धे आले ते जुन्या कथांतून आणि रंगभूमीवरून. तोरी घराण्याच्या कियोनोबू आणि कियोमासू यांनी काबुकीचे नट काढले: भोपळ्यासारख्या फुगलेल्या पोटऱ्या, गांडुळासारखी वळवळणारी रेषा, डोळे गरगरीत, आणि अंगात मावेनासा राग. कियोमासूच्या एका चित्रात पहिला इचिकावा दानजूरो भला थोरला बांबू मुळासकट उपटतो आहे. ज्या काळात खऱ्या योद्ध्याला कुणावर हात उगारता येत नव्हता, त्या काळात कागदावरचा योद्धा जमीन फाडत होता. हा दानजूरो 1704 मध्ये एका सहनटाच्या हातून नाट्यगृहातच भोसकला गेला. त्याचं ते बांबू उपटणं कागदावर राहिलं.

बांबू उपटणारा तो वीर म्हणजे सोगा गोरो. सोगा भावांची कथा एदोच्या प्रेक्षकांना पाठ होती. अठराव्या शतकात नव्या वर्षाच्या सुरुवातीला सोगांचं नाटक लावणं ही तिथल्या नाट्यगृहांची रीतच होऊन बसली. थोरला जूरो, धाकटा गोरो. ते लहान असतानाच त्यांचा बाप मारला गेला. सूड घ्यायला त्यांना 18 वर्षं थांबावं लागलं. 1193 मध्ये, पाचव्या चांद्रमासाच्या 28 तारखेच्या रात्री, फुजीच्या पायथ्याशी शोगुन योरितोमोच्या शिकारीच्या तळावर शिरून त्यांनी बापाच्या खुनामागच्या कुदो सुकेत्सुनेला ठार केलं. जूरो तिथेच पडला. गोरोला दुसऱ्या दिवशी देहान्त शिक्षा झाली. दोघंही विशीच्या आसपासचे.

आणि तोरा. ओइसो या समुद्राकाठच्या मुक्कामाच्या गावातली गणिका, जूरोची प्रेयसी. तो गेल्यावर तिने केस उतरवले आणि ती भिक्षुणी झाली. पाचव्या चांद्रमासाच्या 28 तारखेला पडणाऱ्या पावसाला जपानी लोक तोराचा पाऊस म्हणत आले आहेत. ते तिचे अश्रू. तो महिना साधारण आपला ज्येष्ठ, त्यांच्याकडेही पावसाचाच. सामुराई आणि गणिका यांची जोडी एदोच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते तिच्यामागे हे दोघं उभे आहेत असं मला वाटतं. मोरोनोबूच्या बांधावरून चालणाऱ्या कारकुनी सामुराईला जूरो व्हायचं असावं. जाळीमागच्या मुलीला मात्र तोरा होण्याची मोकळीक नव्हती. तोराला निदान आपलं दुःख घेऊन दाराबाहेर पडता आलं, डोंगरातल्या देवळांतून हिंडता आलं.

चित्र कसं बनायचं हे कळलं की आणखी एक जाणं समोर येतं. चित्रकार पातळ कागदावर शाईने चित्र काढी. तो कागद डोंगरी चेरीच्या गुळगुळीत फळीवर खळीने पालथा चिकटवायचा, मागून हलके चोळून आणखी पातळ करायचा, म्हणजे रेघा उलट्या दिसू लागतात. मग कोरणारा सुरीने प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजू कापत जाई. रेघ उंच राही आणि बाकीचं लाकूड खाली जाई. हे करताना मूळ चित्र कापलं जाऊन संपे. मोरोनोबूच्या हाताने शाई जिथे प्रत्यक्ष टेकली होती तो कागद ठशाच्या जन्मातच नष्ट होई. म्हणून काइगेत्सुदोच्या ज्या रेषेवर मी जीव लावून बसले आहे ती खरं तर एका कोरणाऱ्याच्या मनगटाची आहे. जाडीतून बारीक होताना न डगमगणारी ती सुरी कुणाची? कागदावर चित्रकार आहे, प्रकाशकाचं चिन्ह आहे. कोरणारा नाही, छापणाराही नाही.

ठसा झाला की त्यावर काजळी आणि सरस यांची शाई लावायची, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून गोल गोल चोळायचं. प्रती वाढत जातात तशा रेघा झिजतात, कडा तुटतात. मागणी संपली की फळीवर रंधा मारून तीच फळी नव्या चित्राला घेत. एक बाई तासून काढली की तिच्या जागी दुसरी येई.

आता रंग. या आरंभीच्या चित्रांत रंग छापलेला नसे, हाताने भरलेला असे. पहिला रंग शेंदूर. आपण मारुतीला आणि गणपतीला ज्याची पुटं चढवतो तोच शिशापासून बनणारा शेंदूर, तिथे गणिकेच्या किमोनोवर आणि योद्ध्याच्या चिलखतावर भराभर फासलेला. नंतर आला करडईच्या फुलांचा लाल. सोलापूरच्या आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात जी काटेरी करडई आपण तेलासाठी पेरतो तिच्याच पाकळ्यांतला हा रंग. आपल्याकडे लुगड्यांना तो कुसुंबी म्हणून ठाऊक होता. जपानात उत्तरेच्या मोगामी नदीच्या खोऱ्यात या करडईची शेती होती आणि तिथल्या लाल रंगाने राजधानीतल्या बायकांचे ओठ रंगत. कागदावरचा लाल आणि ओठांवरचा लाल एकाच फुलातला. पुढे शाईत जास्त सरस घालून काळी चकाकी आणली गेली, पितळेची पूड भुरभुरवली गेली. 1740 च्या दशकात गुलाबी आणि हिरवा ठशाने छापता येऊ लागला. आणि 1765 मध्ये सुझुकी हारुनोबूच्या हाताखाली अनेक रंगांची, किनखापासारखी चित्रं आली. ती मोहक आहेत, हे मान्य. माझं मन मात्र त्याआधीच्या, काळ्या रेषेवर उभ्या असलेल्या पानांतच अडकतं.

आज ती पानं पाहा. शेंदूर हवेने काळपट पडतो. जिथे तो कधीकाळी भगभगीत होता तिथे आता डाग दिसतात, जणू ओरखडा भरून काळा झालाय. करडईचा लाल उजेड सोसत नाही. तो पिवळट होत होत कागदात मिसळून जातो. म्हणून संग्रहालयं ही चित्रं मंद दिव्यात थोडे आठवडे दाखवतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. काजळी मात्र काळी ती काळीच. ज्याला आपण आज या बायकांचं रूप म्हणतो ते रंग उडून गेल्यावरचं आहे. ज्या माणसाने बाजारातून हे पान विकत घेऊन खांबाला चिकटवलं असेल त्याने पाहिलेली बाई लाल होती, झगझगीत होती. ती बाई आता कुणालाच दिसणार नाही.

विकत घेणाऱ्यांत बरेचजण असे होते ज्यांना योशिवाराच्या मोठ्या गणिकेसमोर बसणं जन्मात परवडणार नव्हतं. त्यांच्यासाठी ही पानं होती. पडद्यावर, भिंतीवर, खांबावर लावायची. धुराने पिवळी पडली की काढून टाकायची. एदोत आगी सतत लागत. त्यांत किती गेली याची मोजदाद नाही. जी वाचली त्यांतली पुष्कळशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर समुद्र ओलांडून गेली आणि आज शिकागोत, बॉस्टनमध्ये आहेत.

आणि त्या मुली? योशिवारापासून जवळच, मिनोवाला, जोकान-जी नावाचं देऊळ आहे. ज्यांचं कुणी न्यायला आलं नाही अशा मेलेल्या गणिकांना तिथे आणून टाकत. ‘टाकत’ हाच शब्द लोकांच्या तोंडी राहिला: फेकून द्यायचं देऊळ. 1855 च्या भूकंपात योशिवारातल्या शेकडो जणी मेल्या, त्यांनाही तिथेच पुरलं. तिथे पुरलेल्या स्त्रियांची संख्या 25,000 च्या आसपास सांगतात, आणि वयं बहुतेक विशीच्या आगेमागे. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत योशिवारातली माणसं जीव वाचवायला तिथल्या तळ्यात शिरली आणि जवळजवळ पाचशे जण त्यातच मेले; त्यांत बायका फार होत्या. वस्ती कायद्याने बंद झाली ती 1958 मध्ये. म्हणजे मोरोनोबूच्या पानांनंतर पावणेतीनशे वर्षं ती चालूच होती.

या चित्रांना खोटी साक्ष म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. चित्रात भूक नाही, रोग नाही, मार नाही. चित्रकाराला प्रकाशक पैसे देई, प्रकाशकाला गिऱ्हाईक हवं असे, आणि गिऱ्हाइकाला रडणारी मुलगी नको असे. तरी मला ही पानं टाकून देववत नाहीत. त्या मुली या जगात होत्या याच्या ज्या थोड्या खुणा शिल्लक आहेत त्यांत हा किमोनो आहे. अंगाचा भार कुठल्या पायावर होता, मान किती वळली होती, बोटांनी कापड कसं धरलं होतं, एवढं तरी कुणीतरी निरखून पाहिलं होतं. चेहरा पाहिला नाही. का पाहिला नाही, हा प्रश्न दोहानला विचारून काय उपयोग? विचारायचं ते तिलाच.

तुझं गाव कुठलं होतं? उत्तरेकडचं, जिथे करडई फुलते, की डोंगरातलं, जिथे त्या वर्षी भात आलं नाही? योशिवारात सगळ्यांना एकच बोली शिकवत, म्हणजे कोण कुठली हे गिऱ्हाइकाला कळू नये. तर तुझ्या आईची बोली तुला शेवटपर्यंत आठवत होती का? तुझ्यामागे चालणाऱ्या लहान मुलीला तू रात्री जवळ घेत होतीस का? हे चित्र तू पाहिलंस का? आणि अंगावरचा हा किमोनो, याच्या हिशेबाचे किती पैसे अजून तुझ्या नावावर होते?